साडेसातचा फोन

‘सोशल डिस्टन्सिंग’ हा शब्द मार्च २०२० मध्ये टीव्हीवरून घरोघरी पोहोचला. कुणी त्याचे मराठी ‘सामाजिक अंतर’ असे केले आणि तेच फलक रेशन दुकानापासून रेल्वे फाटकापर्यंत लागले. आमच्या वस्तीतल्या नव्वदीला टेकलेल्या एका आजीने नातवाकडून तो फलक वाचून घेतला आणि म्हणाली, "आमच्या बापजाद्यांनी हेच तर पाळलं. आता पुन्हा कशाला?" नातू हसला. आम्हाला मात्र हसू आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच महिन्यात ‘शारीरिक अंतर’ असा शब्द वापरायला सुरुवात केली होती. अंगाने लांब राहा, मनाने लांब जाऊ नका, असा त्यामागचा अर्थ. पण तो शब्द आमच्याकडच्या फलकांवर काही आला नाही. रोग संसर्गाचा होता, अंतर ठेवणे जरुरीचे होते, याबद्दल आमचे दुमत नाही. शब्द मात्र चुकीचा होता. आणि ज्या समाजाने अंतराचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या अंगावर सोसला, त्याला तो अधिकच टोचला.

आम्ही कल्याण पूर्वेतल्या एका विहाराच्या महिला मंडळातल्या बायका. कोळसेवाडी, काटेमानिवली, विठ्ठलवाडी या भागात आमची घरे आहेत. आमच्यातल्या काही जणी रुग्णालयात आया आहेत, काही डोंबिवलीच्या एमआयडीसीत पॅकिंगला जातात, दोघी सफाई खात्यात आहेत, बाकीच्या धुणीभांडी, शिवणकाम, पोळीभाजीचे डबे करतात. घरातली पुरुष मंडळी मुंबईला कामाला. पहाटेची लोकल धरायची आणि रात्री नऊ-साडेनऊला परतायचे. असे आमचे कल्याण, डोंबिवली आणि थेट ठाण्यापर्यंतचे जगणे लोकलच्या दोरीवर वाळत घातलेले. मार्च २०२० मध्ये ती दोरीच तुटली. १५ जून २०२० रोजी लोकल पुन्हा सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी. सर्वांसाठी ती फेब्रुवारी २०२१ मध्ये खुली झाली, आणि तेव्हाही ठरावीक वेळातच डब्यात पाय ठेवता येई.

दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे रात्रंदिवस. नळ सामायिक, संडास सामायिक. ‘घरातच राहा’ असे सांगणाऱ्यांनी आमचे घर पाहिले नसावे. शिकल्या-सवरल्या लोकांनी तेव्हा एकटेपणावर पुष्कळ लिहिले. मोठ्या घरात एकटे पडलेले म्हातारे आई-वडील, परदेशी अडकलेली मुले. ते दुःख खरेच होते. पण गर्दीतला एकटेपणा निराळा असतो, त्याबद्दल फारसे कुणी लिहिले नाही. सहा माणसांच्या खोलीत घरच्या कर्त्या माणसाला रडायला कोपरा नसतो. मग तो भिंतीकडे तोंड करून झोपून राहतो आणि घरचे समजतात, थकला असेल.

आमच्यातली एक ताई कोविड वॉर्डात आया होती. ड्यूटीवरून आली की चाळीतल्या काही जणी नळावरची आपली भांडी बाजूला ओढून घेत. "तू शेवटी भर" म्हणत. भीती होती हे आम्हाला समजते. पण त्या ताईने आम्हाला जे सांगितले ते असे, "रोगाची भीती मला वॉर्डात वाटली नाही. नळावर उभी राहिले की छातीत धडधड होते. आजी सांगायची त्या पाणवठ्याच्या गोष्टी आठवतात." तिला त्यानंतर महिनोन्‌महिने झोप लागत नव्हती. रोग तिला झाला नाही. तरीही तिला झाले ते काहीच नव्हते, असे कोण म्हणेल?

१४ एप्रिल २०२० ची जयंती सगळ्यांना आठवत असेल. बाबासाहेबांची १२९ वी जयंती आणि रस्त्यावर एक निळा झेंडा नाही, एक ढोल नाही. घरात प्रतिमेला हार घातला, मेणबत्ती लावली, त्रिसरण-पंचशील म्हटले. त्याच सकाळी टाळेबंदी ३ मेपर्यंत वाढवल्याची घोषणा झाली. ७ मेला बुद्ध पौर्णिमाही तशीच गेली. वर्गणी, मिरवणूक, खिरीचे पातेले, पोरांची भाषणे या गोष्टींना काही विद्वान मंडळी नावे ठेवतात. डीजेच्या आवाजाबद्दल आम्हीही ठेवतो. पण वर्षातून चार वेळा सगळी वस्ती एकमेकांचे तोंड पाहते, कोण वाळला, कोण दिसला नाही, कुणाच्या घरी काय बिनसले हे तिथेच कळते. विहार म्हणजे नुसती वंदनेची जागा नव्हे. रविवारी सकाळी न आलेल्या माणसाची चौकशी होते, अशी आमच्याकडची ती एकच जागा. तिला कुलूप लागले आणि चौकशी थांबली.

ती थांबल्याचे पहिले लक्षण आम्हाला मामांच्या घरी दिसले. मामा म्हणजे आमच्या विहारात दर पौर्णिमेला सतरंज्या अंथरणारे गृहस्थ. मुंबईच्या एका कार्यालयात कंत्राटदाराकडून शिपाई म्हणून होते. मे महिन्यात कंत्राटदाराने फोन उचलणे बंद केले. जून उजाडला तशी मामी आमच्याकडे दारातून बोलली, "हे जेवत नाहीत, बोलत नाहीत. रात्री उठून दार उघडून बसतात. विचारलं तर म्हणतात, मी आता घरावर भार आहे." ‘भार’ हा शब्द ऐकला आणि आम्ही हादरलो. आमच्या मते माणूस असे बोलू लागला की शेजाऱ्याने हातातले काम टाकून उठावे.

पण उठून जायचे कुठे? त्यांची गल्ली बांबू लावून बंद केलेली. जुलैच्या २ तारखेपासून कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी लागली, ती १९ तारखेपर्यंत चालली. ५ जुलैला आषाढ पौर्णिमा होती. वर्षावासात आमच्याकडे दरवर्षी संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. त्या वर्षी वाचन होणार नाही हे सर्वांनी धरूनच ठेवले होते. आमच्यातल्या एकीने विचारले की, फोनवर वाचले तर काय बिघडले?

ज्यांच्याकडे मोठे फोन होते त्यांनी व्हिडिओची गोष्ट काढली. ती आम्ही मोडीत काढली. कारण निम्म्या घरांत साधे फोन, आणि ज्या घरी एक मोठा फोन त्यावर मुलांची ऑनलाइन शाळा. साध्या फोनवर मात्र एका वेळी पाच-सहा जण जोडता येतात. तेवढे पुरेसे होते. आम्ही पाच-पाच घरांचे आठ गट केले. प्रत्येक गटाला एक जोडणारी बाई. संध्याकाळी साडेसातला तिने एकेकाला फोन लावून जोडून घ्यायचे. प्रत्येकाने आधी ‘जयभीम’ म्हणायचे, मग आज काय जेवलात ते सांगायचे. मग दोन पाने वाचन. त्यानंतर ज्याला बोलायचे त्याने बोलायचे, नाही तर नुसते ऐकायचे. अर्ध्या तासात फोन बंद.

यात वाचनाइतकीच, कदाचित वाचनापेक्षा मोठी गोष्ट होती ती हजेरीची. दोन दिवस कुणाचा ‘जयभीम’ आला नाही तर त्या गटातल्या सर्वांत जवळ राहणाऱ्याने खिडकीखाली जाऊन हाक मारायची, हा नियम. रेशन संपलेले, रिचार्ज संपलेला, ताप आलेला, नवरा-बायकोचे भांडण विकोपाला गेलेले, हे सगळे आम्हाला त्या हाकेतून कळले. एका घरात तर सुनेने फोनवर ‘काय जेवलात’ला तीन दिवस सारखे ‘भात’ असेच उत्तर दिले. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू डाळीचा डबा घेऊन गेल्या. मदत मागायला आपल्या माणसांना लाज वाटते. जेवणाचे विचारले तर खोटे बोलायला मात्र सगळ्यांनाच जमत नाही.

मामांना आम्ही मुद्दाम गटात घेतले. पहिले आठ-दहा दिवस त्यांच्या बाजूने फक्त श्वास ऐकू येई आणि ‘जयभीम’ मामी म्हणे. मग त्यांच्या गटातल्या बाईने एक युक्ती केली. तिचे डोळे अधू आहेत, हे खरेच होते. ती म्हणाली, "मामा, मला संध्याकाळी अक्षर लागत नाही. आज तुम्ही वाचा, नाहीतर आपला गट बंद ठेवू." मामा वाचू लागले. आवाज खोल गेलेला, प्रत्येक ओळीला अडखळत. पण त्यांच्यावाचून चार घरांचे वाचन अडले होते. भार असल्याची समजूत उपदेशाने जात नाही. आम्ही उपदेश आधी करून पाहिला होता, मामींनीही केला होता. कुणाचे तरी काम आपल्यावाचून अडते आहे, हे रोज साडेसातला दिसू लागले तेव्हा ती समजूत थोडी सैल झाली. थोडीच. पुढचे काम औषधाने केले, ते पुढे सांगतो.

ग्रंथात आजारी भिक्खूची कथा आहे, ती बऱ्याच वाचकांना माहीत असेल. एक भिक्खू अतिसाराने मळलेल्या अवस्थेत पडलेला आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नाहीत. का, तर तो कुणाच्या उपयोगी पडत नाही म्हणून. भगवान बुद्ध आणि आनंद यांनी स्वतः पाणी आणून त्याला स्वच्छ केले. फोनवर ही पाने वाचली त्या रात्री वॉर्डातल्या आया ताईने प्रथमच नळावरचा प्रसंग गटाला सांगितला. तिच्या गटात भांडी ओढून घेणारी एक काकूही होती. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने ताईचा हंडा आपल्या हंड्याआधी लावला, एवढे आम्ही पाहिले.

तेव्हा आम्हाला सावित्रीमाईंचीही आठवण होत असे. १८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ ससाणे मळ्यात त्यांचा मुलगा डॉ. यशवंत याने दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातले प्लेग झालेले पोर त्यांनी पाठीवर घेऊन तिथे आणले. पोर वाचले आणि माईंना प्लेग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सव्वाशे वर्षांनंतर आमच्या हातात निदान फोन होता.

२०२१ चा एप्रिल आला तो मात्र सगळ्यांची परीक्षा पाहणारा. १४ एप्रिलच्या रात्री आठपासून पुन्हा निर्बंध लागले, म्हणजे सलग दुसरी जयंती गेली. त्या महिन्यात आमच्या शेजारच्या एका अक्कांचे यजमान गेले. रिक्षा चालवायचे. खाटेसाठी रात्रभर वणवण झाली, शेवटी एका रुग्णालयात जागा मिळाली आणि पाचव्या दिवशी फोन आला. पिशवीत गुंडाळलेला देह थेट स्मशानात. मृताचा चेहरा लांबून दाखवावा, हात न लावता गाथा म्हणू द्याव्यात, असे सरकारी सूचनांत होते. त्या गर्दीत कुणाला वेळ नव्हता. अक्कांना चेहरा दिसला नाही. अंत्यविधीला वीस जणांची परवानगी, आले चौघे. बौद्धाचार्यांनी फोनवरून गाथा म्हटल्या. जलदान विधी, पुण्यानुमोदन, काहीच नीट झाले नाही.

अक्का महिनाभर म्हणत राहिल्या, "पिशवीत तेच होते कशावरून?" आम्ही याला वेडेपणा म्हणणार नाही. आपल्याकडे माणूस गेला की घरात दहा दिवस बायकांचा राबता असतो. कुणी चहा आणते, कुणी भाकरी टाकते, कुणी नुसती हात धरून बसते. त्या येण्याजाण्याने, पुन्हा पुन्हा तीच हकीकत सांगण्याने गेलेला माणूस हळूहळू गेलेला वाटू लागतो. अक्कांना ते काहीच मिळाले नाही. किसा गोतमीची कथा आम्ही अनेकदा ऐकली होती. मोहरी मागत ती दारोदार गेली, ज्या घरी कुणी मेले नाही असे घर तिला सापडले नाही, आणि मरण सर्वांना आहे हे तिला कळले. २०२१ मध्ये तीच पाने फोनवर वाचताना आमच्या ध्यानात एक निराळी गोष्ट आली. ती प्रत्येक दारात थांबली होती. प्रत्येक दारात तिने विचारले आणि समोरच्या बाईने तिला आपल्या घरातले मरण सांगितले. ते दारोदार हिंडणेच तिचे औषध होते, असे आम्हाला वाटते. अक्कांना हिंडायला दारे उघडी नव्हती.

शोक आणि मनाचा आजार यांत फरक आहे, पण शोक कोंडला की तो आजाराच्या वाटेला लागू शकतो. अक्कांचे तसेच झाले. वर्ष झाले तरी झोप नाही, भूक नाही, सणावाराला नवे लुगडे नाही, नातवंड मांडीवर आले तरी लक्ष नाही. डॉक्टरकडे न्यायचे म्हटले तर त्यांच्या थोरल्या मुलाने सांगितले, "आपण बाबांचे अनुयायी. आपण रडत बसत नसतो." हे वाक्य आपल्या समाजात फार ऐकू येते. लढाऊपणाचा अभिमान आम्हालाही आहे. पण मुलाला आम्ही हे सांगितले : १९२६ साली राजरत्न हा लाडका मुलगा गेला तेव्हा बाबासाहेबांनी आपले स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहून आपले दुःख मोकळे केले होते. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे रमाईंनी आणि त्यांनी गमावली. एवढ्या मोठ्या माणसाने स्नेह्याजवळ मन हलके केले, त्याने त्यांचा लढा काही कमी झाला नाही. मुलगा गप्प झाला.

दुसरा अडसर म्हणजे ठाणे. आपल्या भागात कुणाची टिंगल करायची तर ‘याला ठाण्याला भरती करा’ म्हणतात. १९०१ पासून ठाण्यात मनोरुग्णालय आहे, त्यामुळे शहराचे नावच शिवी झाले. आम्ही अक्कांना आणि मामांना एकाच दिवशी तिथल्या बाह्यरुग्ण विभागात नेले. भरती वगैरे काही नाही. केसपेपर काढला, डॉक्टरांनी विचारपूस केली, गोळ्या दिल्या आणि संध्याकाळच्या आत लोकलने कल्याणला परत. डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. गोळ्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढ्यात ‘फरक नाही’ म्हणून सोडू नका. आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका. मामांनी दुसरी गोष्ट मोडायचा प्रयत्न केला, मामींनी हाणून पाडला.

आकडे फार देत नाही, पण काही ठाऊक असावेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे महामारीच्या पहिल्याच वर्षात जगभर नैराश्य आणि चिंतारोग सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. आपल्या देशात २०२१ साली आत्महत्या केलेल्या १,६४,०३३ जणांपैकी ४२,००४ जण रोजंदारीवर जगणारे होते, हे सरकारी नोंदीतच आहे. म्हणजे चारांत एक. हा प्रश्न बंगल्यातल्या लोकांचा आहे, आपल्याला पोटाचेच पुरे, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. मानसिक उपचार सरकारी यंत्रणेतून मिळणे हा २०१७ च्या कायद्याने नागरिकाचा हक्क आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येते. दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली, कामात मन लागेना, ‘माझे काय काम आता’ अशी भाषा सुरू झाली, तर वाट पाहू नये. आणि मरणाची भाषा निघाली तर त्या माणसाला त्या दिवशी एकटे सोडू नये.

१ एप्रिल २०२२ पासून राज्यातले निर्बंध उठले. आम्ही विहारात एका रविवारी आदरांजली सभा ठेवली. त्या दोन वर्षांत वस्तीतले अकरा जण गेले होते. सगळेच कोरोनाने गेले असे नव्हे, पण एकाचेही पुण्यानुमोदन धड झाले नव्हते. अकरा प्रतिमा एका रांगेत ठेवल्या. काहींच्या घरी फोटोच नव्हता, आधार कार्डावरचा मोठा करून आणला. बौद्धाचार्यांनी विधी केला. भाषणे ठेवली नाहीत, पुढाऱ्यांना मुद्दाम बोलावले नाही. प्रत्येक घराने आपल्या कालकथित माणसाबद्दल बोलायचे, वेळेचे बंधन नाही, एवढेच. सकाळी दहाला बसलेली सभा दुपारी तीनला उठली. अक्का शेवटी बोलल्या. यजमानांच्या आजाराबद्दल एक शब्द नाही. पत्री पुलावरच्या कोंडीत ते रिक्षात बसून कसे मोठमोठ्याने भीमगीते म्हणत आणि गिऱ्हाईक कसे वैतागे, तेच सांगितले. सगळे हसले, अक्काही हसल्या, आणि मग पहिल्यांदा सगळ्यांसमोर रडल्या.

विहार उघडला तेव्हा फोनचे गट बंद करावेत असे काहींचे मत पडले. तीन गट मोडले, ते ठीकच झाले. त्या घरच्यांना आता रोज भेटता येते. पाच अजून चालू आहेत. एकीचे गुडघे गेलेत, एक कुटुंब भाडे परवडेना म्हणून बदलापूरच्या पुढे राहायला गेले, एक मुलगी लग्न होऊन परभणीला गेली. ती म्हणते, "साडेसातला मी सासूबाईंना सांगून ठेवलंय, माझ्या माहेरचा फोन आहे." आता रोज नाही, बुधवारी आणि शनिवारी फोन असतो. जयभीम, जेवण, दोन पाने, याच क्रमाने. मामांना एका सोसायटीत रखवालदाराचे काम मिळाले. पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. गोळ्या डॉक्टरांनी कमी करत आणल्या. शनिवारी त्यांची रात्रपाळी असते, म्हणून ते गेटवरच्या केबिनमधून फोनला जोडले जातात. मध्येच गाडी आली की "थांबा हं, गेट उघडून येतो" म्हणतात, आणि बाकीचे चौघे पान उघडे ठेवून थांबतात.